आवाजाच्या वाटेत हवा नको
फायबरच्या होडीवर फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर बसवताना

फिशफाइंडर विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: होडीला भोक पाडावं लागेल का? नव्याकोऱ्या फायबरच्या होडीवर ड्रिल धरायला कुणाचाच हात धजत नाही. उत्तर बऱ्याचदा दिलासा देणारं असतं. तळ भरीव फायबरचा असेल, तर ट्रान्सड्यूसर होडीच्या आतूनच चिकटवता येतो आणि तळाच्या आरपार तो खालचं पाणी पाहतो. पण हे ‘भरीव असेल तर’च खरं आहे. ही अट ज्याने नीट तपासली नाही, त्याच्या पडद्यावर चांगल्यातलं चांगलं यंत्र लावूनही नुसती मुंग्यांची रांग दिसते.

नागपूरकराने हे सगळं का वाचावं, असं कुणी विचारेल. समृद्धी महामार्ग नागपूरच्या मिहान प्रकल्पाशेजारी शिवमडक्याला सुरू होतो आणि 701 किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यात आमणेला संपतो. समुद्र त्याच्याही पुढे. पण गोड्या पाण्याचे जलाशय आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांवर लाकडी डोंग्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या आहेत. शिवाय या कामामागचं तत्त्व समजून घ्यायला मिहानइतका चांगला दाखला मला दुसरीकडे सापडत नाही. तिथे टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग 787 विमानाच्या जमिनीखालच्या कंपोझिट तुळया बनवल्या गेल्या आहेत. कार्बनचे धागे आणि रेझिन यांचे थरावर थर देऊन तयार होणारा हा माल आणि काचेचे धागे व रेझिन यांची आपली होडी, ही एकाच कुळातली. विमानाच्या अशा भागांत थर सुटले आहेत का, आत पोकळी राहिली आहे का, हे तोडून पाहता येत नाही. म्हणून कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा आवाज त्यातून सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचतात. त्या तपासणीत प्रोब आणि भाग यांच्यामध्ये जेल किंवा पाणी असावंच लागतं. सोनोग्राफीच्या वेळी पोटाला जेल लावतात, तेही याच कारणाने. मध्ये हवेचा पापुद्रा राहिला, तर आवाज भागात शिरतच नाही.

फिशफाइंडर हेच काम पाण्यात करतो. ट्रान्सड्यूसरमध्ये पिझोइलेक्ट्रिक चकती असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि आवाज सोडते. परतलेला आवाज तिच्यावर आदळला की त्याची पुन्हा वीज होते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. तळ 15 मीटर खोल असेल, तर जाऊन-येऊन 30 मीटरचा प्रवास एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतो आणि त्यावरून यंत्र खोली सांगतं. मासेमारीसाठी व्यवहारात चालेल असं पहिलं यंत्र जपानमध्ये फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये आणलं. तेव्हापासून पडदे रंगीत झाले, नकाशे आले, पण ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवायचा याचं गणित बदललं नाही, कारण ते पाण्याचं आणि हवेचं गणित आहे.

पाण्यातून हवेच्या सीमेवर पोहोचलेल्या आवाजाचा 99 टक्क्यांहून जास्त भाग तिथूनच माघारी फिरतो. भरीव फायबरमधून मात्र बराचसा आवाज पलीकडे जातो. म्हणजे काचेचा आणि रेझिनचा सेंटीमीटरभर जाड थर चालेल, पण केसाएवढा हवेचा थर चालणार नाही. गंमत अशी की मासा दिसतो तोही हवेमुळेच. माशाचं मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळपास पाण्यासारखंच. प्रतिध्वनीचा मोठा वाटा त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या भोताला सोन्याचा भाव येतो, तीच ही पिशवी. तर हवा माशाच्या पोटात असावी, आपल्या ट्रान्सड्यूसरखाली नसावी. पुढचं सगळं काम या एका गोष्टीसाठी आहे.

तळ ओळखा

फायबरची होडी म्हणजे सगळीकडे सारखं फायबर, ही समजूत आधी सोडा. वजन कमी आणि ताठपणा जास्त मिळावा म्हणून कित्येक होड्यांच्या तळात दोन फायबरच्या थरांमध्ये फोम, बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड घातलेलं असतं. विमानातही अशी सँडविच रचना वापरतात, तिथे मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. फोममध्ये हवाच हवा, बाल्साच्या पेशीतही हवा. आवाज तिथेच संपला. याशिवाय सहलीच्या होड्यांना दुहेरी तळ असतो: पाय ठेवायचा वरचा आणि पाण्याला लागणारा खालचा, मध्ये होडी बुडू नये म्हणून फोम भरलेला. वरच्या तळावर ट्रान्सड्यूसर चिकटवून पाणी बघायची आशा करू नका.

होडी बनवणारा माहितीतला असेल, तर सरळ त्याला विचारा. विदर्भात अशा होड्या बनवणारे कारागीर मोजके, आणि त्यातले काही जण टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि होड्या अशी सगळीच फायबरची कामं करतात. त्यांना आपण कुठे काय घातलं ते आठवतं. ते जमत नसेल, तर नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळावर ठिकठिकाणी टकटक करा. भरीव थर टणक, खणखणीत वाजतो. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तिथे आवाज बसका येतो. पाणी काढून टाकायच्या बुचाची जागा हा आणखी चांगला पुरावा. बूच काढा, भोकाच्या कडेला बोट फिरवा, टॉर्च मारा. कापलेल्या कडेत थर स्पष्ट दिसतात. बहुतेक होड्यांत मागच्या बाजूला, मधल्या कण्याजवळचा पट्टा भरीव ठेवलेला असतो, कारण तिथे जोर जास्त येतो. तो आपल्या कामाचा.

होडीची मागची उभी फळी, जिच्यावर आऊटबोर्ड इंजिन टांगतात ती ट्रान्सम, तिची गोष्ट वेगळी. तिच्यात जवळपास नेहमीच प्लायवूड असतं. तिच्यातून आवाज पाठवायचा नाही, त्यामुळे ट्रान्सड्यूसरला त्या लाकडाचं काही नाही. पण तिथे स्क्रू मारला आणि भोक नीट बंद केलं नाही, तर पाणी लाकडात शिरतं. बाहेरून होडी चकचकीत आणि आतून फळी कुजलेली, अशी अवस्था व्हायला काही पावसाळे पुरतात. मग एक दिवस इंजिनाचे बोल्ट हलायला लागतात. फायबरच्या होडीवर ट्रान्सड्यूसर बसवण्यातला खरा धोका मला विचाराल तर हा आहे, मासे न दिसण्याचा नाही.

आतून की मागून

जागा तीन. होडीच्या आत तळाला चिकटवून, ट्रान्समवर मागे टांगून, किंवा तळाला आरपार भोक पाडून. आरपारची पद्धत मोठ्या बोटींची. ससून डॉक, मिरकरवाडा, हर्णैच्या बोटी भर समुद्रात जातात, त्यांना खोल पाणी आणि स्वच्छ प्रतिध्वनी हवा असतो. त्यातही तळाचा उतार भरून काढणारा ठोकळा बसवावा लागतो आणि तळात फोम किंवा बाल्सा असेल, तर भोकाभोवतीचा तो गाभा कोरून त्या जागी भरीव एपॉक्सी भरावी लागते. ज्याने हे काम आधी केलेलं आहे त्याच्याकडूनच ते करून घ्यावं, आणि चौदा-पंधरा फुटी होडीसाठी त्याच्या वाटेला जाऊच नये.

उरल्या दोन पद्धती. आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर पाणवनस्पतीत अडकत नाही, दगडावर आपटत नाही, होडी ट्रेलरवर चढवताना तुटत नाही, आणि भोक एकही पडत नाही. त्याची किंमत म्हणजे थोडा आवाज फायबरमध्ये जिरतो आणि पाण्याचं तापमान कळत नाही. पडद्यावर जो आकडा येतो तो होडीच्या तळाचा असतो. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. आजकालच्या यंत्रांत तळाचं छायाचित्रासारखं चित्र दाखवणारी 455 किंवा 800 किलोहर्ट्झची सोय असते. एवढ्या उच्च वारंवारतेचा आवाज फायबरमध्ये फार जिरतो. ती सोय वापरण्यासाठीच यंत्र घेतलं असेल, तर ट्रान्सड्यूसर बाहेर, पाण्यातच हवा. साध्या 200 किलोहर्ट्झवर काम भागणार असेल, तर आतून बसवा. आपल्या जलाशयांसाठी 200 पुरेसं आहे. 50 किलोहर्ट्झ खोल समुद्रासाठी. उथळ पाण्यात त्याचा झोत इतका पसरतो की काठावरचं झुडूपही बुडाखाली असल्यासारखं वाटतं.

झोताचा हिशेब सोपा आहे. 20 अंशांच्या कोनात सुटलेला आवाज 10 मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो, आणि 60 अंशांचा साडेअकरा मीटरचं. यंत्र घेताना हा आकडा दुकानदाराला जरूर विचारा.

आधी पिशवीतली परीक्षा

आतून चिकटवायचं ठरलं, तरी लगेच चिकटवू नका. एक जाड, झिपची प्लॅस्टिक पिशवी घ्या, तीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर आत सोडा, हवा काढून पिशवी बंद करा. होडी पाण्यात नेऊन नेहमी जिथे मासेमारी करता तेवढ्या खोलीवर थांबा. आधी ट्रान्सड्यूसर हातात धरून होडीच्या कडेवरून थेट पाण्यात बुडवा आणि पडद्यावरची खोली, तळाच्या रेषेची जाडी पाहून ठेवा. मग तळावर थोडं पाणी ओतून त्यावर पिशवी दाबून बसवा आणि पुन्हा पाहा. खोलीचा आकडा तोच यायला हवा. तळाची रेषा थोडी फिकट झाली तर चालेल. रेषा गायब झाली किंवा आकडा भलताच आला, तर ती जागा भरीव नाही. हातभर बाजूला सरका. इंजिन सुरू करून, होडी पळवूनही हीच परीक्षा घ्या, कारण स्थिर होडीखाली सगळ्याच जागा चांगल्या वाटतात. होडी वेगात असताना नाळ उचलली जाते आणि पुढचा तळ पाण्याबाहेर येतो. म्हणून जागा मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, पण पंख्याच्या पुढे असावी. तिच्या समोर, म्हणजे नाळेच्या बाजूला, तळाबाहेर पट्टी, कंगोरा किंवा पाणी घ्यायचं तोंड नसावं. तिथून सुटलेले बुडबुडे सरळ आपल्या जागेखालून जातात.

जागा मिळाली की पेन्सिलने खूण करा. त्या चौकटीतला रंग आणि आतल्या बाजूचा ओबडधोबड पृष्ठभाग सँडपेपरने घासून सपाट करा. होड्यांच्या आतला भाग साच्याच्या बाजूचा नसल्याने मॅटचे धागे उंचसखल असतात आणि प्रत्येक खळग्यात हवा दडते. अॅसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ट्रान्सड्यूसरला मात्र अॅसिटोन लावू नका, त्याच्या प्लॅस्टिकला ते खातं. तो साबणाच्या पाण्याने धुवा.

चिकटवायला द्रव एपॉक्सी हवी, आणि सावकाश मुरणारी. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यात बुडबुड्यांना वर यायला सवडच मिळत नाही. सिलिकॉन चालत नाही, ते रबरासारखं मऊ राहतं आणि आवाज गिळतं. हाताने मळून लावायची पुटीही नको, मळतानाच तिच्यात हवा कोंडली जाते. रेझिन आणि हार्डनर पुस्तिकेतल्या प्रमाणात, वजनाने सांगितलं असेल तर वजनानेच मोजा, आणि काडीने सावकाश ढवळा. फेस येईपर्यंत फेटणारे बरेच पाहिले आहेत.

इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की एपॉक्सीचा कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावरचा वेळ बहुधा 25 अंशांना धरलेला असतो. मे महिन्यात दुपारी 45 अंशांत तो चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि उन्हात तापलेल्या होडीचा तळ हवेहून गरम असतो. त्यात वाटीत जाड थर राहिला, तर तो स्वतःच्या उष्णतेने उकळल्यासारखा होऊन फेसाळतो. म्हणून हे काम सावलीत, ऊन उतरल्यावर करा, लागेल तेवढंच मिश्रण बनवा आणि रात्रभर मुरू द्या. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण. पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा एपॉक्सी दुसऱ्या दिवशीही चिकट लागू शकते. तिला एक दिवस जास्त द्या.

खुणेच्या चौकटीभोवती मातीची किंवा मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची छोटी मेंढ घाला. आत एपॉक्सी ओता. बुडबुडे दिसले तर सुईने फोडा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडालाही पातळ थर लावा, मग तो एका बाजूने टेकवत, हळूहळू फिरवत दाबा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाईल. वर वजन ठेवा आणि 24 तास हात लावू नका.

एक अडचण उतरत्या तळाची. तळ व्ही आकाराचा असेल, तर चिकटवलेला ट्रान्सड्यूसर खाली न पाहता तिरका पाहतो. मासा मग कमानीसारखा न दिसता फिकट रेघेसारखा दिसतो. कण्याजवळचा सपाट भाग मिळाला तर प्रश्न मिटला. नाही मिळाला तर द्रव भरलेल्या कुंडीत बसणारा ट्रान्सड्यूसर घ्यावा. एअरमारचा पी79 हा असाच. त्याचा तळ होडीला चिकटवतात, आतला ट्रान्सड्यूसर 22 अंशांपर्यंतच्या उताराला जुळवून उभा करतात आणि मधली जागा प्रॉपिलीन ग्लायकॉलने भरतात. द्रव कमी झाला की हवा येते, तेव्हा मधूनमधून त्याची पातळी पाहावी.

ट्रान्समवर बसवताना

तापमान हवं, चित्रासारखा तळ हवा, किंवा होडीचा तळ भरीव निघाला नाही, तर ट्रान्समवर या. बाजू आधी ठरवा. पंख्याची पाती ज्या बाजूला खाली येतात ती बाजू चांगली. वर जाणाऱ्या पात्यांच्या बाजूला पाणी जास्त खवळलेलं असतं. मागे उभं राहून पाहिल्यावर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवी बाजू. बहुतेक आऊटबोर्डांचं असंच असतं. पंख्यापासून किमान 38 सेंटीमीटर दूर राहा. उंचीचं माप फायबरच्या होडीत वेगळं असतं: ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या रेषेखाली सुमारे 3 मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या होडीला 10 मिलिमीटर सांगतात. फार वर ठेवला तर हवेत, फार खाली ठेवला तर तो पाणी उडवत जातो आणि स्वतःच बुडबुडे करतो. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. तोंड पाण्याच्या पातळीशी समांतर हवं. ट्रान्सम बहुधा मागे झुकलेली असते, तो कल ब्रॅकेटच्या खाचांनी भरून काढा.

भोक पाडण्यापूर्वी शक्य असेल तर एक मधला ठोकळा वापरा. सागवानाचा किंवा मरीन प्लायचा, हाताच्या पंजाएवढा तुकडा सगळ्या बाजूंनी एपॉक्सीने माखून ट्रान्समला एपॉक्सीनेच चिकटवायचा आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्यात मारायचे. ट्रान्सम अभंग राहते. उंची चुकली, यंत्र बदललं, तरी भोकं ठोकळ्यात पडतात. काही जण भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिक पाटाचा तुकडा वापरायला सांगतात. तो पॉलिथिलीनचा असतो आणि पॉलिथिलीनला साधी एपॉक्सी धरत नाही.

थेट ट्रान्सममध्येच स्क्रू मारायचे असतील, तर जागेवर मास्किंग टेप लावा, टेपवर खूण करा. ड्रिल आधी उलट दिशेने फिरवून जेलकोट खरवडा, मग सरळ दिशेने आत जा. त्याने वरचा कवचासारखा थर तडकत नाही. ड्रिलच्या पात्यावरही टेपचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करा, आरपार जाऊ नका. भोकाचं तोंड काउंटरसिंकने थोडं रुंद करा, नाहीतर स्क्रू आवळताना त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. आता पक्कं काम असं: भोक हवं त्यापेक्षा दुप्पट रुंद पाडा, ते भरणा घातलेल्या घट्ट एपॉक्सीने पूर्ण भरा, मुरल्यावर त्या एपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडा. स्क्रू एपॉक्सीत बसतो, लाकडाला पाण्याचा स्पर्शच होत नाही. एक दिवस जास्त जातो, पण विमानाच्या कारखान्यातही सँडविच पॅनेलमध्ये स्क्रू बसवायच्या जागी गाभा असाच भरून पक्का करतात, ते उगाच नाही.

स्क्रू स्टेनलेसचे, 316 प्रतीचे. गोड्या पाण्यात 304 चालतात. स्क्रूभोवती आणि भोकात मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरा. बाथरूमच्या फरशीचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते पाण्याखाली जास्त दिवस टिकत नाही. कायमस्वरूपी चिकटणारं सीलंटही नको, उद्या ट्रान्सड्यूसर काढावा लागेल.

केबल कापू नका. ती ट्रान्सड्यूसरचाच भाग असते आणि सांधा दिलात तर पडद्यावर खरखर येते. जास्त झाली तर सैल वेटोळं करून बांधा. ट्रान्सममधून आत घ्यायचीच असेल, तर भोक पाण्याच्या पातळीच्या बरंच वर घ्या, आतही सीलंट भरा, आणि बाहेर केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी भोकात न जाता झोलातून टपकेल. इंजिनाच्या प्लगच्या वायरी आणि ट्रोलिंग मोटरच्या जाड तारा यांच्यापासून ती लांब न्या. वीज शक्यतो वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून, आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच. छोट्या यंत्राला साधारण अर्धा ते एक अँपिअर लागतो. यूपीएसमध्ये असते तशी 7 अँपिअर-अवरची छोटी बॅटरी सकाळचं काम सहज काढते.

पाण्यात उतरल्यावर

पहिल्या दिवशी कुणाला तरी सोबत घ्या आणि दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट असू द्या. 2017 च्या जुलैत बाजारगावजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण बुडाले, ती बातमी नागपूर विसरलेलं नाही. होडी पाण्यात सोडल्यावर आधी बोटाने प्रत्येक स्क्रूमागची ट्रान्समची आतली बाजू चाचपा. ओल नाही, तर पुढे चला.

हळू चालवत पडद्यावर तळाची रेषा पाहा, मग वेग वाढवा. एका ठरावीक वेगाला रेषा तुटत असेल, तर ट्रान्सड्यूसरखाली हवा येते आहे. तो 3 मिलिमीटर खाली सरकवा आणि पुन्हा पळवा. होडी जागेवर उभी असताना, गिअर न टाकता नुसतं इंजिन वाढवल्यावर पडद्यावर ठिपके येत असतील, तर दोष विजेचा आहे. केबल दुसऱ्या बाजूने न्या. हा फरक लक्षात ठेवला तर कितीतरी वेळ वाचतो, कारण लोक विजेच्या दोषासाठी ट्रान्सड्यूसर हलवत बसतात.

ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेवढा आहे तेवढी भर यंत्रात घाला. तो 30 सेंटीमीटर खाली असेल आणि भर घातली नाही, तर पडदा सगळीकडे फूटभर कमी खोली दाखवेल. गोसेखुर्दसारख्या जलाशयात हे महत्त्वाचं आहे. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली गावं आणि शेतं गेली. झाडांचे बुंधे आणि भिंती पंख्याला लागू शकतात. उथळ पाण्याचा इशारा चालू ठेवा.

गोसेखुर्दचा आणखी एक गुण माहीत असावा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि या जलाशयात जातं. असा गाळ तळाशी सडतो तेव्हा वायूचे बुडबुडे वर येतात, आणि यंत्राला बुडबुडा आणि माशाच्या पोटातली पिशवी यांतला फरक कळत नाही. होडी उभी ठेवून पाहा. तळापासून वरपर्यंत तिरक्या रेघा सरळ चढत जात असतील तर तो वायू; मासा एका खोलीवर रेंगाळतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे पडदा भरून जातो, तेव्हा संवेदनशीलता कमी करा, वाढवू नका. एप्रिल-मे महिन्यांत खोल पाण्यात मध्येच एक आडवी पुसट रेषा दिसू शकते. ती वरच्या गरम आणि खालच्या थंड पाण्याच्या थरांची सीमा असते. तिच्याखाली पाण्यात प्राणवायू कमी असला तर मासे वरच सापडतात.

भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांसाठी मात्र फिशफाइंडर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे जुने मालगुजारी तलाव बहुतांशी इतके उथळ आहेत की ढीमर बांधव बांबूने तळ चाचपतात आणि यंत्राहून लवकर सांगतात. मोठ्या जलाशयांवरही मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्या. तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मासेमारीला बंदीच आहे, यंत्र कितीही चांगलं असो.

किनाऱ्यावरचे वाचक हे काम 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत करतात, होड्या ओढून शाकारलेल्या असतात तेव्हा. आपल्यालाही पावसाळ्याआधीची वेळ बरी. त्याच वेळी एकदा ट्रान्सड्यूसरचं तोंड साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. शेवाळ आणि चिखलाचा थर आवाज अडवतो. तळाला रंग देणार असाल तर सॉल्व्हंटवाला रंग ट्रान्सड्यूसरवर जाऊ देऊ नका. स्क्रूभोवतीचं सीलंट नखाने दाबून पाहा. कडा सुटलेली दिसली, तर स्क्रू काढून भोक दोन दिवस कोरडं होऊ द्या आणि मगच नवं सीलंट भरा. ओल्या लाकडावर ते बसत नाही.